सकाळी संगणक उठत नाही तेव्हा



दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत चोपडापूजनाची तयारी सुरू होते. नवी वही आणली जाते, पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक काढला जातो, शुभ-लाभ लिहिले जाते आणि घरातील वडीलधारे पहिली नोंद करतात. ही वही पुढे वर्षभर बहुधा कोरीच राहते, हे आपण सारे जाणतो. दुकानाचा खरा चोपडा आता गल्ल्याखालच्या पेटीत, हातात मावणाऱ्या एका डिस्कवर असतो. तिला कोणी कुंकू लावत नाही आणि तिची प्रकृतीही कोणी विचारत नाही. एखाद्या सकाळी ती उठलीच नाही, तर काय होते आणि काय करावे, हा या वेळच्या लेखाचा विषय आहे.

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. खडकी बाजारात माझ्या धाकट्या मेहुण्यांचे नळजोडणीच्या सामानाचे दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक प्लंबर आणि लहान ठेकेदार. त्यामुळे धंदा उधारीचा. संवत्सरी होऊन चारच दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी जोराचा पाऊस झाला, वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. यूपीएसची बॅटरी कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती. ती बदलायची आहे, हे सर्वांना ठाऊक होते आणि म्हणूनच ती कोणी बदलली नव्हती.

सकाळी भाच्याने संगणकाचे बटण दाबले. पंखा फिरला, कंपनीचे बोधचिन्ह दिसले आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली: सुरू करण्याजोगे उपकरण सापडत नाही. तारीख होती १८. जीएसटीआर-३बी भरण्याची शेवटची तारीख २०. त्याने सात-आठ वेळा बंद-चालू करून पाहिले. दुरुस्ती करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला फोन लावला, तर त्याने तत्काळ उपाय सांगितला : "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, तासाभरात चालू." मेहुण्यांनी होकार दिलाही असता, पण भाच्याला काय सुचले कोणास ठाऊक, त्याने मला फोन केला. "फुफाजी, फॉरमॅट केले तर टॅली राहील ना?"

मी म्हणालो, "राहणार नाही. आता कशालाही हात लावू नकोस. भिंतीवरचे बटण बंद कर, प्लग काढ, मी येतो."

संगणक सुरू होतो म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेऊ. बँकेची शाखा सकाळी उघडते तसाच हा प्रकार आहे. आधी पहारेकरी येतो, दिवे लावतो, सारे जागच्या जागी आहे ना ते पाहतो. संगणकात हे काम बायोस किंवा यूईएफआय नावाची, मुख्य पाटीवर कायम बसवलेली छोटी आज्ञावली करते. मग ती आपल्याकडील यादी पाहते : विंडोज कोठून उचलायची? आधी पेन ड्राइव्हवरून की डिस्कवरून? यादीत पहिले नाव ज्याचे, त्याच्याकडे ती जाते. तेथून विंडोज पडद्यावर येते आणि त्यानंतर आपली टॅली. या साखळीतील कोणती कडी तुटली आहे, हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

ओळखण्याची रीत सोपी आहे. बटण दाबल्यावर पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, तर दोष बहुधा डिस्कचा नाही. प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस किंवा संगणकातील एसएमपीएस पाहावा. बोधचिन्ह दिसून नंतर उपकरण सापडत नाही असा संदेश येत असेल, तर यंत्र जागे आहे, पण त्याला डिस्क किंवा डिस्कवरची विंडोज सापडत नाही. विंडोजचे चिन्ह येऊन गोल फिरत राहत असेल, किंवा दुरुस्तीचा पडदा पुन्हा पुन्हा येत असेल, तर डिस्क सापडली आहे. मात्र तिच्यावरील मजकूर बिघडला आहे, एखादे अद्ययावतीकरण अर्धवट राहिले आहे किंवा डिस्कचा काही भाग निकामी होत आहे. आणि चौथे लक्षण कानांनी ओळखायचे : टक्-टक्-टक् असा ठरावीक ठोका, घरघर, किंवा फिरू लागून थांबण्याचा आवाज. हे ऐकू आले की वीज बंद. त्यापुढचा प्रत्येक प्रयत्न नुकसानीत भर घालतो.

हा ठोका इतका घातक का, हे डिस्कची रचना पाहिल्यावर ध्यानात येते. जगातील पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढा डोलारा करून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कची तबकडी साडेतीन किंवा अडीच इंची खोक्यात बसते आणि मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. वाचणारे डोके तबकडीला टेकत नाही; ते तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७५,००० नॅनोमीटर धरली, तर या अंतरापुढे धुळीचा कणही डोंगर ठरतो. म्हणूनच घरी कोणी डिस्कचे झाकण उघडू नये. डोके बिघडले की ते आपली जागा शोधत वारंवार मागे-पुढे आदळते. तोच तो ठोका. अशा वेळी डोके तबकडीला घासले, तर तेथील अक्षरे कायमची खरवडली जातात.

सकाळचीच वेळ नाजूक का? कारण स्तब्ध तबकडीला पूर्ण वेगावर नेण्याचा क्षण डिस्कच्या दृष्टीने सर्वांत कष्टाचा असतो. त्या काही सेकंदांत ती सर्वाधिक वीज ओढते. एसएमपीएस जुना होऊन अशक्त झाला असेल, तर तो नेमका येथे कमी पडतो. दिवसभर सुरळीत चालणारी डिस्क दुसऱ्या दिवशी उठत नाही, याचे एक कारण हे आहे. भाच्याने सात-आठ वेळा बटण दाबले, म्हणजे आजारी माणसाला सात-आठ वेळा उठवून धावायला लावले.

दुकानात पोहोचल्यावर मी प्रथम यंत्राला लावलेले सर्व पेन ड्राइव्ह काढायला लावले. पुष्कळदा रात्री विसरलेला पेन ड्राइव्हच यादीत पहिला असतो, संगणक त्याच्यावर विंडोज शोधतो आणि हात हलवत परत येतो. आमच्या बाबतीत ते कारण नव्हते. मग सुरुवातीलाच विशिष्ट कळ दाबून बायोसचा पडदा उघडला. ही कळ कोठे एफ-२ असते, कोठे डिलीट. पहिल्या पडद्याच्या तळाशी ती लिहिलेली असते. तेथे तारीख कित्येक वर्षे मागची दिसली. मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढी, सीआर-२०३२ नावाची बॅटरी असते. ती संपली की संगणक तारीख विसरतो आणि कधी कधी कोठून सुरू व्हायचे तेही विसरतो. ही बॅटरी अगदी स्वस्त असते. एवढ्यावर निभावले असते तर हा लेख येथेच संपला असता.

पण त्या पडद्यावर डिस्कचे नाव एकदा दिसले, एकदा नाही. वीज बंद करून डिस्कची केबल काढून दुसरी लावली. नाव आले, आणि त्याबरोबर तीन मंद ठोके ऐकू आले. मी प्लग काढला. मेहुणे म्हणाले, "जिजाजी, नाव तर आले, आता चालू करून पाहू या ना!" त्यांचे म्हणणे स्वाभाविक होते. पण जी डिस्क कदाचित शेवटच्या काही मिनिटांची सोबती आहे, तिची मिनिटे विंडोज सुरू करण्यात घालवायची नसतात. ती आपला हिशेब बाहेर काढण्यासाठी राखायची असतात.

येथे चार गोष्टी कधीही करू नयेत, त्या सांगून ठेवतो. पहिली, आजारी डिस्कवर पुन्हा विंडोज बसवू नये. दुसरी, डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर 'फॉरमॅट करायचे का' किंवा 'इनिशियलाइझ करायचे का' असे विचारले गेले, तर उत्तर नाही हेच. तिसरी, दुरुस्तीची चेकडिस्क ही आज्ञा नक्कल काढण्यापूर्वी देऊ नये. ती आज्ञा डिस्कवर लिहिते आणि तिला तासन् तास राबवते. आधी नक्कल, मग दुरुस्ती, हा क्रम आहे. चौथी, डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा जुना ऐकीव उपाय करू नये. आत दव धरते.

आम्ही ती डिस्क माहिती परत मिळवण्याचे काम करणाऱ्या एका जाणकाराकडे नेली. देण्यापूर्वी डिस्कचा अनुक्रमांक लिहून पावती घेतली. माहिती न निघाल्यास आकार किती, आणि आमचा हिशेब तिसऱ्याच्या हाती जाणार नाही याची हमी काय, हे दोन प्रश्न विचारले. हे विचारण्यात संकोच वाटू नये. दागिना तारण ठेवताना आपण वजन करूनच देतो. त्यांनी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून, खराब जागा मागे सोडत पुढे जाणाऱ्या साधनाने नक्कल काढली. त्यांनी विचारले, "आधी काय हवे?" मेहुण्यांच्या तोंडून लग्नाच्या छायाचित्रांचे नाव निघाले, भाचा म्हणाला, "आधी टॅलीचा फोल्डर." तो बरोबर होता.

रात्री फोल्डर हाती आला. टॅलीने दुरुस्ती करून कंपनी उघडली, तेव्हा ऑगस्ट महिनाअखेरच्या अकरा दिवसांच्या नोंदी नाहीशा झालेल्या दिसल्या. पेन ड्राइव्हवरची शेवटची प्रत अक्षय्य तृतीयेची होती. मेहुण्यांनी गिऱ्हाइकांसमोर मुलाला बोलू नये ते बोलून टाकले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला.

पुढचे काम माझ्या ओळखीचे होते. ज्या शाखेत पुस्तके जुळत नाहीत तेथे जुळवणी करत माझी नोकरी गेली. विक्रीची जीएसटीआर-१ ही विवरणिका ११ तारखेलाच भरली होती. नोंदणीकृत ठेकेदारांची बिले तिच्यातून एकेक करून मिळाली. पुरवठादारांची बिले १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये होती. बँकेतील जमा-नावे बँकेच्या उताऱ्यातून आली. विवरणपत्र २० तारखेला वेळेत भरले गेले. राहिली ती नोंदणी नसलेल्या लहान प्लंबरांची उधारी. शासनाच्या संकेतस्थळावर त्यांच्या विक्रीची केवळ एकूण बेरीज होती, नावे नव्हती. मेहुण्यांची रोजची रोकड मात्र एका छोट्या डायरीत लिहिलेली होती. ही त्यांच्या वडिलांची शिस्त. एकूण विक्रीतून उरलेल्या नोंदी आणि रोख विक्री वजा केली, तेव्हा अकरा दिवसांची उधारी १,८७,००० रुपये निघाली. रक्कम कळली, ती कोणाकडे आहे, ते कळेना.

एकच मार्ग होता. मेहुण्यांनी स्वतः एकेका गिऱ्हाइकाला फोन केला आणि खरे ते सांगितले : "यंत्र बिघडले, त्या अकरा दिवसांचे लिखाण गेले. तुमच्याकडे काय बाकी आहे ते तुम्हीच सांगा." धंद्यातील माणसाला हे वाक्य उच्चारणे किती जड जाते, हे वाचकांना सांगावे लागणार नाही. कोणी त्याच दिवशी बिल घेऊन आला. एकाने मेहुण्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आकडा सांगितला. एक जण म्हणाला की २,८०० रुपये मी रोख दिले होते. रोकड डायरीत ती नोंद नव्हती. मेहुणे थोडे थांबले आणि म्हणाले, "दिले असतील. लिहायचे आमच्याकडून राहिले असेल." सर्वांनी सांगितलेल्या रकमांची बेरीज १,८३,७०० रुपये झाली. फरक ३,३०० रुपयांचा. त्यात ते २,८०० आलेच. राहिलेले ५०० मेहुण्यांनी खर्ची टाकले. इतकी स्वच्छ जुळवणी मी बँकेतही क्वचित पाहिली.

त्या रात्री दुकान बंद करताना ते मुलाला म्हणाले, "परवा संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हटले. आज पुन्हा म्हणायची वेळ आली. आणि ती तुझ्यापासून." मुलगा काही बोलला नाही. त्याने शटर ओढले आणि कुलूप वडिलांच्या हातात दिले.

आता पुढच्यासाठी. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली तेव्हा दिवसअखेरीस प्रत काढल्याशिवाय कोणी घरी जात नसे. एक प्रत तिजोरीत आणि एक शाखेबाहेर, हा नियम होता. दुकानासाठीही तोच पुरेसा आहे : मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर. मेहुण्यांकडे आता दोन पेन ड्राइव्ह आहेत. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरा. आठवड्यातून एकदा घरच्या बाह्य डिस्कवर प्रत जाते आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवली जाते. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर विषाणूच्या तडाख्यात मूळ प्रतीबरोबरच जाते. आणि तीन महिन्यांतून एकदा भाचा त्या प्रतीवरून टॅली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. न उघडलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश. तो वटेपर्यंत रक्कम आपली नसते.

काही बारकावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य साधनाने ती वाचता येते. तेथे 'गुड' ऐवजी 'कॉशन' दिसू लागले की नवी डिस्क त्याच आठवड्यात आणावी. हल्लीच्या एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. ती वेगवान आहे, धक्क्याला डरत नाही, पण ती जाते तेव्हा पुष्कळदा आवाज न करता, एकाएकी जाते आणि तिच्यावरून पुसलेले सहसा परत मिळत नाही. नव्या लॅपटॉपची डिस्क अनेकदा बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोस बदलले किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती किल्ली आजच कागदावर छापून तिजोरीत ठेवावी. आणि यूपीएसची बॅटरी. तिच्याविषयी आणखी काय सांगू?

कायदाही हेच सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. २०२३-२४ ची पुस्तके म्हणजे डिसेंबर २०३० अखेरपर्यंत. इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य प्रत ठेवावी आणि अपघातात मूळ नष्ट झाल्यास ती वाजवी वेळेत परत उभी करता यावी, असे नियम ५७ मध्ये स्पष्ट आहे. "संगणक बिघडला" हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

पण आपल्याला हे कायद्याने शिकवण्याची गरज नसावी. मुखोद्गत आगम विस्मृतीत जाऊ लागले तेव्हा वल्लभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या पुढाकाराने ते ग्रंथारूढ झाले. पुढे श्रावकांनी नकला करवून गावोगावच्या ज्ञानभांडारांत ठेवल्या. पाटणचे, खंभातचे, जैसलमेरचे भांडार ही त्याचीच साक्ष. दिगंबर परंपरेतील धवला, जयधवला हे ग्रंथ मात्र शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरच राहिले. एकाच गावी, एकाच मठात. एक आग, एक पूर, आणि सारे संपले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रावकांच्या प्रयत्नांनी त्यांच्या नकला सुरू झाल्या, आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला आपल्या अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागली. तेव्हा कोठे ते ज्ञान एका जागेच्या नशिबावर अवलंबून राहिले नाही.

कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, आपण ग्रंथ बाहेर काढतो, त्यांची धूळ झाडतो, वाळवी लागली नाही ना ते पाहतो, नवे वेष्टन घालतो आणि मग पूजा करतो. पूजेआधी पाहणी, हा क्रम पूर्वजांनी विचारपूर्वक लावला आहे. दिगंबर बांधवांची श्रुतपंचमी ज्येष्ठात येते, हेतू तोच. या वर्षी ज्ञानपंचमीच्या दिवशी दुकानाच्या संगणकाची प्रत काढावी, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी आणि घरातील तरुण हाताला हे काम शिकवावे, एवढीच विनंती. चूक झाली तर त्याला गिऱ्हाइकांसमोर बोलू नये, ही दुसरी.

लेखात काही उणे-अधिक लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.